ताप ओळखणारा मणी



मागच्या महिन्यात आमच्या शाळेत तिसरीतल्या एका मुलाला भर वर्गात ताप भरला. घरी निरोप धाडला आणि तोवर गावातल्या आशाताईंना बोलावून घेतलं. त्यांनी पिशवीतून थर्मामीटर काढला, त्याच्या काखेत लावला. टिक्‌-टिक्‌ असा आवाज आला, आकडा दिसला १०१. पोरगा तापानं मलूल झालेला, पण डोकं मात्र जाग्यावर! थर्मामीटर हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि मला विचारतो कसा, "मॅडम, याच्यात पारा तं दिसतच नाही. मंग याले ताप कसा समजते?"

प्रश्न लाखमोलाचा आहे की नाही? त्याला घरी पाठवलं, पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून या वेळचं आपलं सदर त्या प्रश्नावरच.

तुमच्या आईबाबांच्या लहानपणी थर्मामीटर काचेचा असे. आत चांदीसारखा चकाकणारा पारा. उष्णता लागली की पारा प्रसरण पावायचा आणि बारीक नळीत वर चढायचा. ताप पाहण्याआधी तो झटकून खाली आणावा लागे, आणि झटकताना खाटेच्या कडेला लागून फुटला की घरात ओरडा! ओरडा पैशांसाठी तर असेच, पण पारा विषारी असतो हे त्याहून मोठं कारण. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली जगातल्या देशांनी मिनामाता नावाचा करार केला. भारतानं त्याला २०१८ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे पाऱ्याचे थर्मामीटर मागे पडले. गंमत अशी, की पारा गेला तरी आपल्या बोलण्यातून काही गेला नाही. मे महिना आला की "अकोल्याचा पारा ४५ वर" असं आपण अजूनही म्हणतोच!

मग आता पाऱ्याच्या जागी आहे तरी काय? घरातला डिजिटल थर्मामीटर हातात घ्या आणि त्याचं टोक नीट पाहा. धातूची एक इवलीशी टोपी दिसेल. त्या टोपीच्या आत असतो एक मणी. मोहरीच्या दाण्याएवढा, कधी त्याहूनही लहान. त्याला केसासारख्या बारीक दोन तारा जोडलेल्या असतात. या मण्याचं नाव थर्मिस्टर. थर्मल म्हणजे उष्णतेचा आणि रेझिस्टर म्हणजे विजेला अडवणारा. दोन शब्दांची सांगड घालून हे नाव झालं.

विजेला अडवणारा म्हणजे काय? शेतात पाटाचं पाणी सोडलं आणि पाटात ढेकळं पडलेली असली तर पाणी हळू जातं. तसाच प्रत्येक पदार्थ आपल्यातून जाणाऱ्या विजेला थोडाफार अडवतो. या अडवणुकीला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. तांब्याचा रोध फार कमी, म्हणून तारा तांब्याच्या. लाकडाचा अतिशय जास्त, म्हणून कोरड्या लाकडातून वीज जवळजवळ जातच नाही.

आता तांब्याची तार तापवली तर तिचा रोध वाढेल की कमी होईल? वाढतो, पण अगदी जरासा. तांब्यात इलेक्ट्रॉन भरपूर असतात आणि मोकळे फिरत असतात. तार तापली की तिच्यातले अणू जागच्या जागी जास्त थरथरू लागतात. आठवडी बाजारातली सगळी माणसं उभ्या उभ्या हातवारे करायला लागली, तर मधून पळणाऱ्या पोराला जास्त धक्के बसणारच! इलेक्ट्रॉनचं तसंच होतं. २५ अंश सेल्सिअसला १०० ओहम असलेली तांब्याची तार ३७ अंशाला साधारण १०५ ओहमच्या आतच राहते. इतका लहान फरक मोजायचा म्हणजे यंत्र नाजूक आणि महाग.

थर्मिस्टरचा मणी अगदी उलट्या स्वभावाचा. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, आणि तोही धडाक्यानं. बाजारात सहज मिळणारा एक साधा थर्मिस्टर २५ अंशाला १०,००० ओहमचा असतो. तोच ३७ अंशाला सुमारे ६,००० ओहमवर येतो. एका अंशाला जवळजवळ ४ टक्के फरक! असा उलटा स्वभाव पहिल्यांदा मायकेल फॅरडे या इंग्लंडच्या थोर शास्त्रज्ञाच्या ध्यानात आला. चांदी आणि गंधक यांचं एक संयुग तो तापवत होता आणि तापवावं तशी त्यातून वीज अधिक सहज जाऊ लागली. ही गोष्ट १८३३ सालची. पण त्या गुणाचा व्यवहारात उपयोग होईल असा थर्मिस्टर तयार व्हायला १९३० साल उजाडलं. तो सॅम्युअल रूबेन या अमेरिकन संशोधकानं केला. म्हणजे मध्ये जवळजवळ १०० वर्षं गेली!

मण्याचा स्वभाव असा उलटा का? हा मणी धातूचा नसतो. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडची बारीक भुकटी एकत्र करून, तिला आकार देऊन, कुंभार मडकं भाजतो तसं तिला हजार अंशांच्याही वर भाजतात. मग त्यावर काचेचं किंवा राळेसारख्या पदार्थाचं कवच चढवतात. या ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा नसतो. तो एका अणूपाशी ठाण मांडून बसतो. शेजारच्या अणूकडे जायचं तर त्याला उडी मारावी लागते. ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत तुम्ही कधी पलीकडे गेला असालच. दगड लांब लांब असले की पाय उचलत नाही. पण समजा ते दगडच हलायला लागले आणि मध्येच एकमेकांच्या जवळ आले, तर? उडी सोपी! मणी तापला की त्याच्यातले अणू थरथरतात आणि इलेक्ट्रॉनला उडीसाठी लागणारा जोर मिळतो. जितकी उष्णता जास्त, तितक्या उड्या जास्त, तितकी वीज सहज जाते. पाहा, थरथर दोन्हीकडे तीच. तांब्यात ती वाट अडवते आणि मण्यात वाट करून देते.

आणि मँगनीज काही परदेशातलीच वस्तू आहे असं समजू नका हं. आपल्या विदर्भातच भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे, नागपूर जिल्ह्यात मनसर इथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्यातलं बहुतेक मँगनीज पोलाद करण्यासाठी जातं. मण्याला लागतं ते चिमूटभर.

बरं, मण्याचा रोध बदलला, पण आकडा कसा उमटतो? त्याची सर्वांत सोपी रीत सांगते. दोन भावांत वाटणी करतात तशी ही रीत आहे. एका ओळीत दोन रोध जोडायचे. एक भाऊ हट्टी, कधी न बदलणारा, समजा ६,००० ओहमचा. दुसरा आपला मणी. दोघांना मिळून बॅटरीचे दीड व्होल्ट द्यायचे. ज्याचा रोध जास्त, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट, असा विजेचा नियम आहे. मणी ३७ अंशाला असला तर त्याचाही रोध ६,००० ओहम, म्हणून वाटणी समसमान, पाऊण-पाऊण व्होल्ट. ताप ४० अंशावर गेला की मणी सुमारे ५,३०० ओहमवर येतो आणि त्याचा वाटा ०.७५ वरून ०.७० व्होल्टच्या आसपास उतरतो. आतली चिमुकली इलेक्ट्रॉनिक चकती हा वाटा मोजते, हिशेब करते आणि आकडा दाखवते.

हिशेब मात्र जरा किचकट आहे. मण्याचा रोध सरळ रेषेत कमी होत नाही. थंडीत भराभर उतरतो, उष्णतेत हळूहळू. रोधावरून तापमान काढण्याचं एक सूत्र स्टाइनहार्ट आणि हार्ट या दोघांनी १९६८ साली मांडलं, आणि तेही समुद्राच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका नियतकालिकात! समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्यांचं सूत्र आज दवाखान्यातला ताप मोजायला उपयोगी पडतं.

इथपर्यंत समजलं? मग आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इथे थोडं थांबा आणि हे वाक्य दोनदा वाचा. मण्याला फक्त स्वतःची उष्णता कळते. तुमची नाही, बाळाची नाही, रुग्णाची नाही. तो काखेत असो, फडताळावर असो की खाटेखाली पडलेला असो, तो आपला स्वतः जेवढा गरम आहे तेवढं सांगतो. मणी आणि माणूस एकाच तापमानाला आले, तरच त्याचा आकडा माणसाचा आकडा. ते एका तापमानाला आणायचं काम मण्याचं नाही, तुमचं-आमचं.

म्हणून तर थर्मामीटर काखेत नीट दाबून धरायचा असतो. टोक सदऱ्यावर राहिलं, किंवा काख सैल राहिली, तर मण्याला मधली हवा लागते आणि ताप असून आकडा कमी येतो. घाम असेल तर आधी काख कोरडी पुसायची. टिक्‌-टिक्‌ वाजायच्या आत काढायचा नाही. थर्मामीटर वाजतो तो आकडा वाढायचा थांबला की. म्हणजे मणी आणि तुम्ही बरोबरीला आलात की.

ही झाली जगभरातल्या थर्मामीटरची गोष्ट. आता खास आपल्या वऱ्हाडातल्या थर्मामीटरची ऐका.

मे महिन्यातली दुपार. आमच्या ओळखीच्या एका घरी, वर टिनाचं छत, दोन वाजलेले. मुलगा बाहेरून खेळून आला, जरा दमला होता. आईनं फडताळावरचा थर्मामीटर काढून काखेत लावला. आकडा आला १०५! आई घाबरीघुबरी झाली. पोरगा मात्र मजेत, "मले काई नाही झालं" म्हणतो आणि माठाचं पाणी पितो. शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला, तर कपाळ नेहमीसारखंच. मग हा १०५ आला कुठून?

तो मुलाचा नव्हताच, तो फडताळाचा होता! टिनाखालच्या त्या खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेलेली. ४०.५ अंश सेल्सिअस म्हणजे १०५ अंश फॅरनहाइट. थर्मामीटर तितकाच गरम. आणि ताप पाहायच्या थर्मामीटरची एक खोड असते. तो चालू केल्यापासूनचा सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. एरवी ही खोड उपयोगाची, कारण काखेतून काढल्यावर आकडा उतरत नाही, आपल्याला निवांत वाचता येतो. पण खोलीच अंगापेक्षा गरम असली की फजिती. मणी काखेत जाऊन ३७ वर उतरतो, पण आकडा मात्र आधीच्या १०५ ला चिकटून बसतो. खोली आणखी तापलेली असली तर कुणाला लावायच्या आधीच पट्टीवर एच असं अक्षर येतं. म्हणजे माझ्या मापाच्या वर आहे बुवा!

उपाय सोपा आहे. मे महिन्यात ताप पाहायचा असेल तर थर्मामीटरचं नुसतं टोक माठाच्या पाण्यात मिनिटभर बुडवा, कोरडं पुसा, आणि मगच चालू करा. थर्मामीटर ठेवायचा तो घरातल्या गार जागी, टिनाजवळ किंवा खिडकीत नाही. आणि हे लक्षात ठेवा, की उलटंही होऊ शकतं. आकडा खोटा असेल म्हणून खऱ्या तापाकडे दुर्लक्ष करू नका. टोक गार करून दुसऱ्यांदा पाहा. दुसऱ्यांदाही १०४-१०५ आला तर थेट दवाखाना गाठा.

कारण उन्हाळ्यात अंगाचं तापमान खरोखरच ४० अंश आणि त्याच्या वर जाऊ शकतं. माणूस बरळायला लागतो, शुद्ध हरपते. हा उष्माघात. वऱ्हाडातल्या दवाखान्यांत उन्हाळ्यात उष्माघाताचे रुग्ण येतात. डॉक्टर त्यांच्या अंगावर पाणी मारतात, पंखा लावतात, काखेत बर्फ ठेवतात. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी काखेत थर्मामीटर लावून काय कळणार? मणी बर्फाचं तापमान सांगेल! कातडी गार पडलेली आणि आतलं शरीर अजून तापलेलं, असं होतं. म्हणून मणी बसवलेली एक मऊ, लवचीक नळी गुदद्वारातून थोडी आत सरकवतात आणि तिची तार खाटेजवळच्या पडद्याला जोडतात. ज्या पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांची नागमोडी रेष धावत असते तोच पडदा. त्याला मॉनिटर म्हणतात. त्याच्यावर शरीराच्या आतलं तापमान सतत दिसत राहतं. ते ३९ च्या आसपास उतरलं की गार करणं थांबवतात, नाहीतर अंग वाजवीपेक्षा जास्त गार व्हायचं.

उन्हाळ्याचं झालं. पण तुम्हाला खोटं वाटेल, आपल्या भागात थंडी बाधण्याचा धोका सुद्धा मोठा आहे, आणि तो सगळ्यांत लहान माणसाला. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला!

रोडग्यांचा स्वयंपाक तुम्ही पाहिला असेल. गोवऱ्यांच्या आरातून रोडगे काढले की लहान रोडगा लवकर निवतो, मोठा बराच वेळ गरम राहतो. कारण लहान वस्तूच्या पोटात उष्णता थोडी आणि बाहेरून गार हवा लागायला जागा त्या मानानं जास्त. बाळाचं असंच होतं. त्यातून ते अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असलं, दिवस भरायच्या आधी जन्मलं असलं, तर कातडीखाली चरबीही नसते. आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम करणं त्याला जमत नाही. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मध्ये असावं. ३६.५ च्या खाली गेलं की बाळ थंड पडू लागलं असं समजायचं. ३२ च्या खाली गेलं तर जिवावर बेततं. आपल्याला छान वाटणारी २५ अंशांची खोली ओल्या बाळाला गारठवते. चिखलदऱ्याच्या हिवाळ्याचं तर विचारूच नका.

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक अजून डफरीन म्हणतात आणि अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला लेडी हार्डिंग. तुमच्यापैकी कितीतरी जण तिथेच जन्मले असाल! सरकारी जिल्हा रुग्णालयांत कमी वजनाच्या आणि आजारी बाळांसाठी वेगळा कक्ष असतो. तिथे बाळाला वॉर्मरवर ठेवतात. वॉर्मर म्हणजे उघडा पाळणाच म्हणा ना, फक्त वरून उष्णता देणारी कांडी असते. ती किती तापवायची हे कोण ठरवतं? आपला मणी. एका छोट्या चकतीत तो बसवलेला असतो आणि ती चकती बाळाच्या पोटावर उजव्या बाजूला चिकटवतात. यंत्राला सांगून ठेवायचं, कातडी ३६.५ ला ठेव. मणी ३६ सांगू लागला की यंत्र कांडी जास्त तापवतं, ३७ सांगू लागला की कमी करतं. रात्रभर, सेकंदा-सेकंदाला. एवढ्या जागरणाची ताकद माणसात नाही.

पण मघाचं वाक्य आठवा. मण्याला फक्त स्वतःची उष्णता कळते. समजा, बाळानं पाय झाडले आणि चकती निघून गादीवर पडली. मणी आता गादीवरच्या हवेचं तापमान सांगतो, समजा ३० अंश. यंत्राला वाटतं, अरे बाप रे, बाळ गारठलं! आणि ते कांडी तापवतच सुटतं. खाली बाळ भाजून निघण्याची वेळ. उलट बाळ चकतीवर पालथं झोपलं तर मणी अंग आणि गादी यांच्यामध्ये दबून जास्त गरम होतो, यंत्र कांडी मंद करतं आणि बाळ खरंच गारठतं. चकतीवर वरच्या कांडीची उष्णता सरळ पडली तरी घोटाळा, म्हणून तिच्यावर चकचकीत मुलाम्याचा गोल तुकडा चिकटवतात. तो ऊन परतवावं तशी उष्णता परतवतो. तार आतल्या आत तुटली तर? तुटलेल्या तारेतून वीज जातच नाही, म्हणजे रोध अफाट, म्हणजे मण्याच्या भाषेत भयंकर थंडी! यंत्र बनवणाऱ्यांनी याचा विचार केलेला असतो. एवढा रोध जिवंत बाळाचा असूच शकत नाही, असं धरून यंत्र कांडी वाढवण्याऐवजी भोंगा वाजवतं.

माझ्या नणंदेचं बाळ आठव्या महिन्यात झालं, तेव्हा अशा एका कक्षाच्या काचेबाहेर मी बरेच तास उभी होते. तिथल्या सिस्टर थोड्या थोड्या वेळानं यायच्या, पोटावरची चकती बोटानं चाचपून बघायच्या, आणि मग आपला साधा थर्मामीटर बाळाच्या काखेत लावून कागदावर लिहायच्या. मला आधी वाटलं, एवढं मोठं यंत्र असताना हे कशाला? आता तुम्हाला ते सांगायला नको. आणखी एक कारण आहे. बाळाला खरंच ताप आला तर यंत्र गुपचूप कांडी बंद करून टाकतं आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसतं. काखेतला थर्मामीटर आणि सिस्टरांचा हात यांच्यामुळे ते उघडकीस येतं.

आता मेळघाटातल्या एखाद्या दूरच्या पाड्यात वॉर्मर कुठून आणायचा? तिथे आशाताई जातात. या घरोघरच्या तपासणीची कल्पना आपल्या विदर्भातच रुजली, गडचिरोलीत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेनं १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन कसं करायचं, श्वास कसे मोजायचे, तापमान कसं पाहायचं, बाळाला ऊबदार कसं ठेवायचं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत जन्मल्यापासून महिन्याभरात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, असं काम नसलेल्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे २०११ पासून देशभर आशाताई हे काम करू लागल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ६ वेळा जातात, घरी जन्मलेल्याकडे ७ वेळा, अगदी ४२ व्या दिवसापर्यंत. आणि त्यांच्या पिशवीत काय असतं? वजनकाटा, घड्याळ आणि मणीवाला डिजिटल थर्मामीटर. आमच्या तिसरीतल्या पोराच्या काखेत लावला ना, तसलाच!

आणि बाळ थंड असलं तर त्या करतात काय? आईच्या उघड्या छातीशी बाळाला चिकटवून, वरून दोघांना पांघरूण घालायला सांगतात. कांगारू आपल्या पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवतो, तशी ही रीत. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात १९७० नंतरच्या दशकात यंत्रं कमी पडू लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. बिनविजेचा, बिनतारेचा वॉर्मर! आईला जमत नसेल तर बाबा, आजी, मावशी कुणीही चालतं.

आता एक प्रयोग. मोठ्या दादाकडे किंवा शाळेत मल्टिमीटर असेल तर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून १०,००० ओहमचा एक थर्मिस्टर आणा, अगदी थोड्या पैशांत मिळतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि दोन्ही टोकं मण्याच्या दोन तारांना लावा. मणी मुठीत धरा, पण तारांना बोट लावू नका. आकडा सात हजारांच्या आसपास उतरेल. मणी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या पाण्यात ठेवला तर बत्तीस-तेहेतीस हजारांपर्यंत चढेल. अकोल्याच्या मुलांनी मे महिन्यात दुपारी सावलीत मोजून पाहा. ४५ अंशाला साधारण सव्वाचार ते साडेचार हजार यायला हवा. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, मणी बनवणाऱ्यांप्रमाणे फरक पडतो. फक्त एक गोष्ट शपथेवर सांगा, घरातल्या विजेच्या बोर्डाला काहीही जोडायचं नाही.

जाता जाता डोक्याला खाऊ. झोपेतल्या श्वासाची तपासणी करताना याच मण्याची एक बारीक जात रुग्णाच्या नाकपुडीशी लावतात. श्वास बाहेर येतो तो साधारण ३४-३५ अंशांचा, ऊबदार, म्हणून मणी तापतो. श्वास आत जातो ती खोलीतली गार हवा, म्हणून मणी निवतो. तापला-निवला, तापला-निवला, की पडद्यावर लाटा उमटतात आणि श्वास मोजता येतात. आता समजा, अकोल्यातला एक दवाखाना आहे. मे महिना, रात्रीचे दहा, वीज गेलेली आणि कूलर बंद. यंत्र तेवढं बॅटरीवर चालू आहे. खोलीचं तापमान झालंय बरोबर ३५ अंश. रुग्ण शांत झोपलाय, श्वास अगदी छान चालू आहे, मणीही जागच्या जागी आहे. तरी पडद्यावरच्या लाटा सपाट होत चालल्या आहेत. का बरं?

उत्तर आधी स्वतः शोधा, मग घरच्यांना विचारा. पुढच्या अंकात ताडून पाहू.